दाखव ना, मेल्या!

लोक एकदा का एखाद्याला पनवती म्हणायला लागले की तो माणूस नुसता शिंकला तरी छप्पर गळायला लागतं. आत्याचं नेमकं हेच झालं होतं. वय पन्नाशीच्या पुढचं, बोलणं फटकळ, चाल घाईची, आणि बोटं अशी की टाइप करायला लागली की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी फरशीवर वाटाणे सांडतंय. अशा बाईच्या हाताला सगळं मैदान नावं ठेवत होतं, आणि ती मुकाट्यानं ऐकून घेत होती. मुकाट्यानं म्हणजे तिच्या मानानं हो. दिवसातून चारदाच उलट बोलायची.

काम तसं सोपं, खेळाच्या मैदानावरचं. मैदानाच्या टोकाला निकालांची भलीमोठी पाटी होती, दिव्यांची. प्रेक्षकांच्या बाकांच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की एक काचेची खोली. तिथं टेबल, फोन आणि संगणक. संगणकावर ना चित्रं ना खिडक्या, नुसता काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी पांढरी रेघ. तिथं हुकूम लिहायचा. ही पाटी ज्या हौशी माणसानं बसवली होती, त्यानं हुकूमही घरगुती ठेवले होते. 'दाखव' लिहून पुढं जो मजकूर लिहाल तो एंटर मारला की पाटीवर उजळायचा. 'पूस' म्हटलं की पाटी कोरी. आणि भलतंच काही लिहिलं तर पडदा फटकन सांगायचा, 'असा हुकूम नाही.' पाटी जुनी, त्यामुळं एक मजकूर जाऊन दुसरा येईपर्यंत दोन-चार श्वास जायचे. पण यायचा.

आत्या आधी छापखान्यात होती. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दुकानांची पत्रकं, सगळं तिच्या बोटांखालून गेलेलं. तिचे मालक म्हणजे एक वल्लीच. एकदा ऐन परीक्षेच्या तोंडावर वीज गेली आणि अख्ख्या शाळेच्या प्रश्नपत्रिका हवेत विरून गेल्या. त्या दिवसापासून मालकांनी तिच्या कानाशी एकच जप लावला, "बाई, ओळ झाली की सेव्ह. महत्त्वाचं काही लिहिलं की आधी सेव्ह, मग श्वास!" मालक गेले, मग छापखाना गेला. आत्या घरी बसली.

घरी म्हणजे भावाकडं. भाऊ कमी बोलणारा, आणि त्याची कसर वहिनी भरून काढायची. पण वहिनी मनाची चांगली. नणंद रिकामी बसलीय हे तिला नणंदेपेक्षा जास्त टोचायचं. जेवताना आत्याची बोटं ताटाशेजारी टेबलावर आपोआप नाचायची, तेव्हा वहिनी म्हणायची, "वन्सं, काय छापताय?"

"काही नाही गं."

"काही नाही कसं? दोन पानं तरी झाली असतील एव्हाना."

दोघी हसायच्या, पण आत्याला आतून भडभडून यायचं. बोटांना काम नसलं की त्यांचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून मैदानावरची ही नोकरी लागली तेव्हा तिनं घरी येऊन वहिनीला कडकडून मिठी मारली होती, आणि वहिनी म्हणाली होती, "अहो, सोडा, माझा चष्मा!"

तर अशी ही लाडाची नोकरी. आणि तीच आता जायची वेळ आली होती.

त्याचं झालं असं. रोजच्या बारीकसारीक निकालांना काही अडचण नव्हती. 'दाखव तिसरी फेरी सुरू', 'दाखव उंच उडी दहा मिनिटांनी', सगळं पटापट व्हायचं. पण एखादी मोठी शर्यत आली, विक्रम झाला, पाहुणे आले, म्हणजे जेव्हा सगळं मैदान पाटीकडं मान वर करून बघत असायचं, नेमका तेव्हाच पडदा गोठायचा. अक्षर उमटेना, रेघ लुकलुकेना. आत्या एंटरवर एंटर मारायची. पडदा ढिम्म. मग तारवाल्याला बोलवायचं.

तारवाला म्हणजे मैदानातल्या सगळ्या वायरींचा वाली. अंगानं काडी, खिशात चार पेचकस. तो यायचा, डोकं खाजवायचा, गोठलेला पडदा बंद करून टाकायचा, नवा उघडून आपला परवलीचा शब्द घालायचा. तो शब्द फक्त त्यालाच ठाऊक, त्यामुळं बंद-चालूचा मानही त्याचाच. नव्या पडद्यावर निकाल लिहिला की सुरळीत जायचा. कारण काय म्हणून विचारलं तर म्हणायचा, "जुनं यंत्र आहे, आत्या. मूड असतो त्याचा."

"मूड? माझ्यावरच बरा निघतो!"

"ते मात्र खरं," तारवाला प्रामाणिकपणे म्हणायचा. "मी बसलो की नाही अडत."

हे वाक्य भोंग्यानं ऐकलं आणि झालं, आत्याचा निकाल लागला. भोंगा म्हणजे मैदानातला घोषणा करणारा गृहस्थ. शेजारच्याच खोलीत माइकपुढं बसायचा, मधे फक्त काच. आवाज असा की माइक बंद असला तरी पलीकडच्या गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे आवरायला लागाव्यात. भाचीनं एकदा फोन करून "आत्या आहे का?" विचारलं होतं, तो फोन यानंच उचलला, आणि तेव्हापासून ती सगळ्या मैदानाची आत्या झाली. पनवती हे नावही त्याचंच. "आत्याबाई, तुमचा हात लागला की यंत्राला झोप लागते. घरी पाळणा आहे का एखादा? चांगला धंदा होईल!" मनात वाईट काही नाही हो, पण जिभेला हाड नाही. त्याची अजून एक खोड होती. पाटीवर जे उमटेल ते तो मोठ्यानं वाचायचा. डोळ्यांतून थेट तोंडात, मधे डोक्यात थांबा नाही. एकदा तारवाल्यानं तपासणीसाठी 'डावीकडचा दिवा गेलाय' असं पाटीवर लावलं, तर यानं तेही दणक्यात जाहीर केलं, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

आज स्पर्धेचा शेवटचा दिवस. सकाळीच अडथळेसाहेब जिना चढून आले. मैदानाचे व्यवस्थापक ते. तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यतीत बक्षिसं मारली होती, म्हणून हे नाव. अजूनही दाराचा उंबरा ओलांडताना गुडघा विनाकारण वर घ्यायचे.

"आत्या, तुमच्या वयाचा, कामाचा, सगळ्याचा मान आहे मला," साहेब म्हणाले. अशा वाक्यामागून 'पण' येतो हे शेंबडं पोरही सांगेल. "पण आज बाहेरचे पाहुणे आहेत. आज पाटी अडली तर उद्यापासून तुम्ही कळफलकाला हात लावायचा नाही. फाटकावर बसा, कचेरीत फायली लावा, मी नाही म्हणणार नाही. इथं मात्र नको."

"पाटी माझ्यामुळं अडते हे कुणी ठरवलं?"

"कुणी ठरवलं नाही. पण तारवाला बसला की अडत नाही ना?"

आत्यानं कळफलकावरची धूळ पदरानं पुसली. बाब खरीच होती. तिनं स्वतः रात्र-रात्र विचार केला होता. बोटं जड पडतात का? हाताला घाम येतो का? देवाशप्पथ, आपण खरंच पनवती तर नाही? असलं काही मनात आलं की ती स्वतःवरच चिडायची. छापखान्यात इतकी वर्षं हेच हात होते, आणि मालक पाहुण्यांना मुद्दाम बोलवून दाखवायचे. "बघा, बघा, बाईंची बोटं बघा!"

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. गोळाफेक झाली, लांब उडी झाली, मुलांची रिले झाली. आत्या धडाधड मजकूर चढवत होती, भोंगा धडाधड वाचत होता. उन्हानं काच तापली होती, खोलीत पंखा नुसता गरम हवा ढवळत होता, पण आत्याला कशाचं भान नव्हतं. एकदा तर भोंग्यानं काचेपलीकडून अंगठा दाखवला. आत्यानं नाक उडवलं, पण मनात म्हणाली, जमतंय, जमतंय, आज जमतंय!

आणि मग आली मुलींची आठशे मीटरची अंतिम शर्यत.

काय शर्यत म्हणता! शेवटच्या वळणावर दोघी पुढं, बाकीच्या कुठल्या कुठं मागं. एकीच्या छातीवर चारशे सतरा, दुसरीच्या तीनशे दोन. खांद्याला खांदा, पावलाला पाऊल. अख्खं मैदान उभं. आत्याही उभी! खुर्ची मागं कधी गेली तिला कळलंही नाही. "पळ गं! पळ!" कुणाला म्हणत होती ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, दोघींनाही म्हणत असेल. दोघींनी रेषेवर एकदमच छाती टाकली आणि मैदानातून असा काही आवाज उठला की काच थरथरली.

जिंकलं कोण? कुणालाच कळलं नाही. पंचांनी फोटो मागवला. दोघी पोरी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभ्या, धापा टाकत, आणि दोघींचे डोळे पाटीवर. त्या मैदानाचा नियमच होता, निकाल आधी पाटीवर, मग भोंग्याच्या तोंडी. त्यामुळं भोंगाही माइक धरून पाटीकडं बघत बसलेला. हजारो माणसं चिडीचूप.

फोन वाजला. पंच म्हणाले, "चारशे सतरा. आणि आत्या, मैदानाचा नवा विक्रम आहे!"

आत्यानं फोन ठेवला. ती बसली, बोटं धावली. 'दाखव प्रथम ४१७ नवा विक्रम.' ओळ झाली. एंटर.

काही नाही.

पुन्हा एंटर. काही नाही. अजून एकदा. पडद्यावर तिची ओळ जशीच्या तशी, पांढरी रेघ मेल्यासारखी पडलेली, आणि समोर पाटीवर अजून 'आठशे मीटर अंतिम शर्यत' एवढंच.

तिनं खिडकीतून बघितलं. तारवाला पार त्या टोकाला, शिडीवर, दिव्यांत डोकं घालून. हाक मारून उपयोग नाही. फोन वाजला. साहेब.

"आत्या, निकाल?"

"लावतेय."

"अडली का?"

आत्यानं फोन खांद्यात धरून आणखी एक एंटर मारला.

"अडली," साहेब म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या एका शब्दात उद्याचं सगळं आलं. फाटक आलं, फायली आल्या, आणि ताटाशेजारी नाचणारी बोटं आली.

खाली लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. भोंग्यानं काचेवर टकटक केलं, दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली. बस्स! आत्याची सटकली. इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या बोटांत उतरलं. माणसावर ओरडायची सोय नव्हती, मग ती पडद्यावरच तुटून पडली. गोठलेलाच आहे ना मेला, कोण वाचतंय?

'दाखव,' तिनं लिहिलं. एंटर.

'दाखव ना मेल्या.' एंटर.

'काय घोडं मारलंय मी तुझं.' एंटर.

पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हतं. आत्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण बोटं थांबेनात. नाकावरून चष्मा घसरला तो तिनं वर केला, आणि दातओठ खाऊन शेवटची ओळ लिहिली. 'दाखव मी पनवती नाही.' एंटर इतका जोरात मारला की टेबलावरचा फोन हलला.

मग ती एकदम शांत झाली. झालं. संपलं. आता कुणी काढण्याआधी आपणच उठावं, एवढी तरी लाज राखावी. आणि उठताना तिच्या हातानं तेच केलं जे तो इतकी वर्षं छापखान्यात संध्याकाळी दिवा मालवण्याआधी करत आला होता. काम संपलं, सगळं बंद. कंट्रोल आणि क्यू.

तिनं पिशवी उचलली, चष्म्याचं घर शोधायला लागली.

आणि खाली मैदान फुटलं! म्हणजे आवाजानं हो. टाळ्या, आरोळ्या, शिट्ट्या. आत्यानं दचकून मान वर केली. पडदा वाहत होता. सरसर, सरसर, ओळीमागून ओळी, जणू कुणी बांधाची फळी काढली. आणि समोर, पाटीवर, लख्ख, 'प्रथम ४१७ नवा विक्रम'!

"प्रथम क्रमांक, चारशे सतरा!" भोंगा गरजला. "नवा विक्रम!"

खाली चारशे सतराच्या पोरीनं दोन्ही हात तोंडावर धरले. आत्याचा हात छातीवर. चालली? कशी चालली? मी तर बंद केलं होतं! पण विचार करायला फुरसत मिळते कुठं? पाटी कोरी झाली. तिनं नुसतं 'दाखव' लिहिलं होतं ना, ते. पडदा सगळं लक्षात ठेवून बसला होता. गोठलेला असताना तिनं जे जे बडबडलं ते ते त्यानं जपून ठेवलं होतं, आणि आता एकेक करून, तिनं लिहिलं त्याच क्रमानं, इमानदारीत करत सुटला होता.

आत्याला आठवलं पुढं काय लिहिलंय. "अगं बाई!" ती ओरडली आणि धावली कळफलकाकडं, पण दे माय धरणी ठाय, पुढची ओळ निघूनही गेली होती.

पाटी उजळली.

"ना मेल्या!" भोंग्यानं हजारो लोकांना सांगितलं.

खाली एकजण खुदकन हसला. पडद्यावर 'काय' या शब्दाला उत्तर आलं होतं, 'असा हुकूम नाही.' आत्या 'पूस' लिहायला गेली, पण बोटं एकमेकांत अडकली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून 'पूस'चं 'सूप' झालं. पडदा म्हणाला, 'असा हुकूम नाही.' आणि पाटीचे दिवे एकेक करत पुन्हा लागायला लागले. मी. पनवती. नाही.

भोंग्याचे डोळे वाचून गेले, तोंडही निघून गेलं, आणि डोकं फार उशिरा पोचलं.

"मी पनवती नाही!"

पलीकडच्या गल्लीपर्यंत, त्याच्याही पलीकडं, घराघरांत ऐकू गेलं असेल. भोंगा माइक धरून तसाच बसला. आपण काय बोललो ते त्याला आता कळत होतं. त्यानं हळूच काचेकडं मान वळवली. ज्या तोंडानं नाव ठेवलं होतं त्याच तोंडानं, भर मैदानात, ते मागं घेतलं गेलं होतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हसावं की रडावं हे आत्याला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

खाली लोकांना काही समजलं नव्हतं, पण त्यांना वाटलं, हे विक्रम करणाऱ्या पोरीचंच काहीतरी असणार. तेही टाळ्या वाजवायला लागले. चारशे सतरा मात्र गोंधळून पाटीकडं बघत होती. निकाल गेला कुठं? खरंच होता ना? तिच्या डोळ्यांत तेच दिसत होतं, इतक्या लांबूनही.

निकाल परत लावायला हवा. आत्यानं पिशवी खाली टाकली, बसली, आणि या वेळी मुद्दाम, सावकाश लिहायला लागली. पुन्हा 'सूप' व्हायला नको म्हणून हातांकडं बघत लिहीत होती. आता खरं सांगायचं तर टाइप करताना आत्यानं हातांकडं बघायचं कधीच सोडलं होतं. कोण बघतं? चालताना आपण पायांकडं बघतो का? 'दाखव प्रथम ४१७ नवा विक्रम.' आणि एंटरच्या आधी, तिच्या डोळ्यांदेखत, तिचा डावा हात तिला न विचारता वाकला. करंगळी कंट्रोलवर, मधलं बोट एसवर. टप.

सेव्ह.

पडदा गोठला.

"तू!" आत्या आपल्या डाव्या हाताला म्हणाली. "तूच होतास होय रे, चोरा!"

ओळ झाली की सेव्ह. महत्त्वाचं लिहिलं की आधी सेव्ह, मग श्वास! बारीकसारीक निकालांना हात गप्प बसायचा. विक्रम आला, अंतिम शर्यत आली, की मालकांचा जप त्याला आठवायचा. आणि या काळ्या पडद्याला एसचा अर्थ सेव्ह नव्हता, थांब असा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा! तारवाल्याच्या हाताला कुठली आलीय छापखान्याची सवय? म्हणून त्याचं अडत नव्हतं. आत्याला इतका आनंद झाला, इतका झाला, की ती एकटीच खुर्चीत उड्या मारायला लागली. क्यू! मघाशी क्यू दाबला होता! तिनं कंट्रोल धरून क्यू दाबला. रेघ लुकलुकली. एंटर. पाटीवर निकाल लख्ख. खाली चारशे सतरा त्या तीनशे दोनच्या गळ्यात पडली आणि दोघी मिळून रडायला लागल्या.

आत्यानं पुन्हा करून बघितलं. एस, पडदा गप्प. क्यू, पडदा बोलका. एस. क्यू. एस. क्यू. दिवा लागतो-विझतो म्हणून लहान मूल बटण सोडत नाही ना, तसं चाललं होतं तिचं.

जिन्यावर पावलं धडधडली. पुढं तारवाला, मागं साहेब, उंबऱ्यावर गुडघा वर. तिकडून भोंगाही येऊन दारात उभा राहिला, खाली मान घालून.

"आत्या, काय चाललंय काय?" साहेब धापा टाकत म्हणाले. "पाटीवर काय लिहिलंत ते?"

"नंतर रागवा, साहेब. आधी हे बघा. तारवाल्या, इकडं ये. माझ्या हाताकडं बघ. पडद्याकडं नको, हाताकडं!" तिनं एस दाबला, चार अक्षरं लिहिली, काही उमटलं नाही. क्यू दाबला, चारही अक्षरं टपाटप आली.

तारवाल्यानं कपाळावर अशी चापट मारून घेतली की खिशातला पेचकस खाली पडला. "अरे देवा! हे तर मला शिकवलं होतं! पूर्वी पडदे नव्हते, आत्या. कागदावर छापणारी यंत्रं होती. ती मागं पडली की त्यांना थांब म्हणायचं, मग चल म्हणायचं. एस म्हणजे थांब, क्यू म्हणजे चल. ते अजून तसंच आत राहिलंय! आणि मी मेला मूड मूड करत बसलो!" तोही आता तिच्याइतकाच पेटला होता. "दाबा बघू पुन्हा. वा! आता मी दाबतो. वा, वा!" दोघंही कळफलकावर ओणवे, आणि साहेब आळीपाळीनं दोघांची डोकी बघत होते.

"म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतंच?" साहेबांनी विचारलं.

"यंत्र शहाणं आहे हो. ऐकत होतं सगळं. बोलायला बंदी होती त्याला."

"आणि तुम्ही..." साहेबांनी वाक्य अर्धंच सोडलं. भोंग्यानं घसा साफ केला, काही बोलायला गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज फुटेना.

"राहू दे रे," आत्या म्हणाली. "तुझं बोलून झालंय मघाशी. चांगलं मोठ्यानं बोललास."

तारवाला अजून कळफलकापाशीच होता. "पण एक कळत नाही, आत्या. एस सवयीनं दाबलात, कबूल. पण क्यू का दाबलात? ते कसं सुचलं?"

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. तिची पिशवी अजून जमिनीवर पडली होती, तोंड उघडं, चष्म्याचं घर बाहेर आलेलं. साहेबांची नजर पिशवीवर गेली.

"सुचलं कुठलं," ती म्हणाली. "छापखान्यात क्यू म्हणजे बंद. काम संपलं की दाबायचे. सोडून चालले होते मी."

साहेबांनी वाकून ती पिशवी उचलली, चष्म्याचं घर आत सरकवलं, आणि पिशवी तिच्या खुर्चीच्या पाठीला नीट अडकवली.

"मग?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "आता?"

फोन वाजायला लागला होता. आत्यानं एका हातानं तो उचलला आणि दुसऱ्या हातानं तिघांनाही बाजूला सारलं.

"आता काय? भालाफेकीचा निकाल आलाय. सरका बघू, मला पाटी दिसू द्या."